तालात पळणारे मधूभाऊ

किस्से कसे साचतात, हे आमच्या दारव्ह्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवतो, तसंच ते. आधी पडवीतला एक कोपरा जातो, मग मधली खोली जाते, मग खाटेवर जागा उरत नाही आणि सगळ्या घराच्या अंगाला खाज सुटते. शेवटी माणूस मिळेल त्या भावात मोकळा होतो. मधूभाऊंचे किस्से माझ्याकडे असेच छतापर्यंत आलेत. आज काढतो. वजनासाठी थोडं पाणी मारलेलं असेल, तेवढं गिऱ्हाइकानं समजून घ्यावं.

मधूभाऊ इंगोले तहसील कचेरीत कारकून. दिवसा सातबारा, संध्याकाळी तबला आणि पहाटे पळणं. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बैठक. गायला देशमुख मास्तर, पेटीवर गुलाबभाऊ राठोड आणि ऐकायला मी. माझं मेडिकल स्टोअर आहे, म्हणून डोकेदुखीची गोळी माझ्याकडे.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावातला गाण्याचा क्लास बंद पडला. गणपतीत बाहेरचा गायक बोलावणं बंद झालं. चार माणसं जमली की भावाचं रडगाणं सुरू. मधूभाऊंनी मात्र शनिवार धरून ठेवला होता. कोणी म्हटलं, "या वेळी राहू द्या," की ते कासावीस व्हायचे.

"एक राह्यला ना मास्तर, मंग दुसऱ्याले कोणी विचारत नाई. क्लास असाच गेला."

या माणसाला दुसऱ्या कशाचीच भीती नव्हती. कुत्र्यांची सोडून.

* * *

पळणं कसं सुरू झालं, ते आधी सांगतो. डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी चालायला सांगितलं. पळायला नाही, चालायला. हे निघाले. पण तबलजीचे पाय ते. बसस्टँडपर्यंत विलंबित चालले, पेट्रोल पंपाशी लय वाढली, यवतमाळ रोडला लागेस्तोवर द्रुत झाली आणि मागे फिरताना पाहतात तर आपण पळतोय.

महिन्याभरानं डॉक्टरांनी विचारलं, "किती चालता?"

"साहेब, चालणं होतच नाई. तीनतालात निघतो अन् आवरतच नाई."

डॉक्टर बाहेरगावचे. त्यांनी ताल हे औषधाचं नाव समजून मला फोन केला, "तुम्ही त्यांना काय दिलंय?"

* * *

शोभावहिनी, म्हणजे मधूभाऊंच्या पत्नी, नवऱ्याचा ताल पावलांवरून ओळखतात. स्वयंपाकघरात बसून सांगतात, आज एकताल आहे, आज झपताल आहे. पावलं कोपऱ्यावर ऐकू आली की चहा टाकायचा, समेवर कप पुढे. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. सगळे तिथं बरोबर येऊन टेकतात. वहिनींचा कपही तिथंच टेकतो.

एकदा पळताना मधूभाऊंच्या पायात बाभळीचा काटा मोडला. बिचारे लंगडत घराकडे निघाले. मी सोबत होतो. आम्ही दारात पोचायच्या आत आतून आवाज आला, "आज रूपक काहून घेतला हो?"

रूपकाला सातच मात्रा असतात. लंगडणाऱ्या माणसाला तेवढ्याच येतात, हे मला त्या दिवशी कळलं. वहिनींनी सुई गरम करायला ठेवली होती. पाय न पाहता.

* * *

आता कुत्र्यांचं. पहाटे कुत्री मागं लागतात म्हणून मधूभाऊ हातात तबल्याची हातोडी घेऊन पळायचे. तबला सुरात लावायची ती छोटी हातोडी. कुत्र्याला दाखवायची, मारायची नाही. पण गावात एक नवा हवालदार बदलून आला होता. पहाटेच्या अंधुक उजेडात एक माणूस हातोडी घेऊन पळताना दिसल्यावर त्यानं काय समजायचं? नेलं ठाण्यात.

"हातोडी कायले पायजे तुले?"

"तबला मिळवाले."

"कुठी हाय तबला?"

"घरी."

"तबला घरी अन् हातोडी रोडवर?"

प्रश्न रास्त होता. मधूभाऊंनी समोरच्या टेबलावर कायदा सुरू केला. कायदा म्हणजे तबल्यातला, ठाण्यातला नव्हे. त्याचे पलटे घेतले, मग रेला घेतला. मी जामीन राहायला स्कूटर काढून पोचलो, तेव्हा कोठडीतला एक भुरटा गजांवर ठेका धरून बसला होता आणि हवालदार हात जोडून उभा होता.

"घेऊन जा हो यायले," तो मला म्हणाला. "चोर असता तं इतका वेळ थांबला नसता."

* * *

पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर चाळिशी ओलांडलेल्यांची शर्यत होती. बक्षीस स्टीलचा डबा, आत लाडू. मधूभाऊ पहिल्या फेरीपासून पुढे. मागे एक जाडजूड तलाठी, तो पार मागे. आम्ही डबा आपलाच धरून चाललो होतो.

शेवटची रेघ हातभर राहिली आणि मधूभाऊ थांबले. थांबले म्हणजे जागच्या जागी पावलं टाकू लागले. आम्ही ओरडतोय, मास्तर टोपी हलवतायत, वहिनी कपाळाला हात लावून बसल्या. तेवढ्यात तलाठी धापा टाकत बाजूनं निघून गेला. त्याच्या मागून मधूभाऊंनी उजवा पाय उचलला आणि रेघेपलीकडे असा ठेवला, की मास्तरांच्या तोंडून आपसूक "वा" निघालं.

नंतर मास्तरांनीच झापलं, "अरे बावा, डबा गेला ना. काहून थांबला?"

"मास्तर, तीन मात्रा उरल्या होत्या. त्या घेऊन कुठी जाऊ?"

तलाठ्यानं तो डबा नंतर मधूभाऊंच्या घरी आणून दिला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्यानं डबा ठेवून घेतला आणि आतले लाडू दिले.

* * *

एका वर्षी मास्तरांची मुलगी बाळंतपणाला आलेली. ती माहेरी आणि मास्तर घर सोडायला तयार नाहीत. तेव्हा मधूभाऊंनी शनिवारच उचलून मास्तरांच्या घरी नेला. बसायला जागा एकच, समोरची खोली. ती कापसानं भरलेली. मधोमध चौघांपुरता खड्डा करून आम्ही आत उतरलो.

मधूभाऊंनी तबल्यावर थाप मारली. आवाजच नाही. पुन्हा मारली. हातोडीनं तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकले, शाईवरून बोट फिरवलं, कान लावला. चेहरा पडला.

"मास्तर, जोडी गेली माही. बोलूनच नाई राह्यली."

गुलाबभाऊंनी पेटी उघडली. तीही घशात काही अडकल्यासारखी. मास्तरांनी सा लावला, तो समोरच्या भिंतीपर्यंत गेलाच नाही. तिघंही तज्ज्ञ, तिघंही घाबरलेले. जोडी गेली, पेटी गेली, गळा गेला.

मी काही वाजवत नाही, त्यामुळे माझं डोकं मोकळं होतं. मी म्हटलं, "अहो, चारी बाजूनं कापूस हाय. तो पिऊन राह्यला सारा आवाज."

सगळे हसले. पण उठलं कोणी नाही. त्या संध्याकाळी मास्तर दोन तास गायले आणि बाळ शेजारच्या खोलीत हूं की चूं न करता झोपलं. मास्तरांची मुलगी म्हणाली, "बाबा, मी हाय तोवर कापूस विकू नका."

* * *

पण विकावा लागलाच. हा शेवटचा किस्सा, आणि यात पाणी मारलेलं नाही. मारलं असेल तर ओळखून दाखवा.

खरेदी केंद्र त्या वर्षी आज उघडं, उद्या बंद, असं चालायचं. ते उघडल्याची बातमी आली आणि तालुक्यातला सगळा कापूस एकदम रस्त्यावर आला. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रांग गावाबाहेर पार फाट्यापर्यंत, आणि केंद्राचं फाटक पुन्हा बंद. मास्तर मंगळवारपासून रांगेत. गुलाबभाऊ त्यांच्या पुढच्याच, पहिल्या गाडीत. जेवण तिथं, झोप तिथं. रांग सोडली की नंबर गेला.

आणि शनिवार आला.

मधूभाऊ दुपारीच दुकानात आले. "शटर पाडा."

"मधूभाऊ, या खेपी राहू द्या. ते दोघं रांगेत हायेत."

"म्हणून तं आपल्याले जा लागते. पेटी तुमच्या स्कूटरवर घ्या, जोडी मी आणतो."

रस्ता गाड्यांनी भरलेला, प्रवासी जीपा बंद. मी पेटी बांधून शेतातल्या पांदणीनं गेलो आणि आधी पोचलो. मास्तरांच्या गाडीवर उभं राहून पाहतो तर मधूभाऊ रांगेच्या कडेनं पळत येतायत. डग्गा पाठीवर बांधलेला, तबला पोटाशी.

आता विचार करा. चार दिवस रांगेत बसलेल्या माणसानं कुणाला फाटकाच्या दिशेनं पळताना पाहिलं तर तो काय समजेल? मधूभाऊ जसजसे पुढे येत होते तसतशी मागची रांग उठत होती. "फाटक खुललं, फाटक खुललं." बैल जुंपले गेले, ट्रॅक्टर धडधडू लागले, ट्रॉलीवरून माणसं उड्या मारून मागे पळू लागली. मधूभाऊंच्या मागे शंभरेक माणसं असतील. ते आपल्या तालात.

मास्तरांच्या गाडीशी येऊन ते थांबले. मागची माणसं त्यांच्यावर येऊन आदळली.

"काय झालं? फाटक खुललं का?"

"नाई."

"मंग तू पळून काहून राह्यला बे?"

"शनिवार हाय," मधूभाऊ म्हणाले आणि गाडीवर चढून डग्ग्याची गाठ सोडू लागले.

लोकांनी जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. पण शिव्या द्यायला थांबलेली माणसं ऐकायलाही थांबली. दुपार कलली होती. मास्तरांनी मुलतानी राग लावला, गुलाबभाऊंनी पेटी भरली. कापसाच्या ढिगावर मांडी घातलेले मधूभाऊ घामानं चिंब, पण हात असा शांत की विलंबिताची एकेक मात्रा सावकाश येऊन बसत होती. मी त्यांना अनेकदा ऐकलंय. तसं पुन्हा नाही ऐकलं.

आणि तेव्हाच फाटक खरोखर उघडलं.

शिपाई ओरडत आला, "राठोड, घ्या गाडी."

गुलाबभाऊंनी पेटीवरून मान न उचलता हनुवटीनं मास्तरांची गाडी दाखवली. मास्तरांचे डोळे मिटलेले. शिपाई त्यांच्या मागच्या गाडीकडे गेला. तिथं धोतर नेसलेले एक म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते.

"बाबा, चला, तुमचा नंबर."

"माहे बैल आत्ताच बसले. त्याच्या मांगच्याले ने."

मागे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "चालू केलं तं आवाज होईन ना भाऊ."

शिपाई रांगेत मागे मागे गेला, तो परत येईना. शेवटी कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडरसाहेब स्वतः बाहेर आले. बोटांच्या चिमटीत कापसाचा पुंजका तसाच होता. त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा गाडीवर पाहिलं. मधूभाऊंनी ठेका न सोडता जरा सरकून त्यांना जागा करून दिली.

साहेबांनी पुंजका खिशात ठेवला आणि चाकावर पाय देऊन वर चढले.

फाटक सताड उघडं. आत जायला कोणी नाही.