सांगणाऱ्याचं नाव

निजामाच्या राज्यात, बीडच्या सरकारी शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. तिथल्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. मुलं घरी मराठी बोलत, वर्गात उर्दू आणि कागदावर इंग्रजी. उन्हाच्या गुंगीत तिन्ही भाषा एकमेकींत मिसळून जात, आणि आपण कुठल्या भाषेत विचार करतोय हे माझं मलाच कळेनासं व्हायचं.

इंग्रजी निबंध म्हणजे पाठ केलेला निबंध, अशी सगळ्यांची पक्की समजूत. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही ती पोरं समुद्रावरच्या सूर्योदयाबद्दल पानंच्या पानं लिहीत. एक दिवस माझं डोकं फिरलं. मी बजावलं, पुस्तकातलं एक अक्षर नको. आपल्या मुलखात दुष्काळात पाणी कुठे टिकतं ते लोकांना विचारा, आणि कुणी सांगितलं त्याचं नाव लिहा. नाव नसलेलं वाक्य मी खोडणार. सगळ्यांत चांगला निबंध वजिफ्याच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या, अर्जासोबत हैदराबादला जायचा होता.

सगळ्यांनी लिहून आणलं, ‘वडीलधारे सांगतात.’ वडीलधाऱ्यांचं नाव कागदावर मांडणं म्हणजे बेअदबी, असं त्यांचं म्हणणं. मी संतापून ओळीच्या ओळी खोडत सुटलो.

एका धनगराच्या मुलाच्या निबंधापाशी मात्र माझा हात थांबला. कपिलधारचा धबधबा आटला तरी वरच्या अंगाला एका कपारीत पाणी झिरपतं, असं त्यानं लिहिलं होतं. ओंजळ धरायची, वाट पाहायची, प्यायचं, पुन्हा धरायची. वाचता वाचता मला गार वाटलं. त्याला वजिफा मिळाला नाही तर शाळा सुटणार आणि तो मेंढरांमागे जाणार, हे मला ठाऊक होतं. ही कपार थोरल्या चुलत्यानं शोधली, असं तो म्हणाला. पण चुलता त्याच्या जन्माआधीच वारला होता. वडीलही हयात नव्हते. नाव फक्त आईला माहीत, आणि ती थोरल्या दिराचं नाव कसं घेणार? मी म्हटलं, आईला घेऊन ये.

बाजाराच्या दिवशी ती आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. दिराचं नाव विचारताच तिनं पदर पुढे ओढून नकारार्थी मान हलवली. मीही हट्टाला पेटलो. मग ते पाणी खरंच आहे हे कशावरून, असं मी विचारलं.

"मी पेलेय की ते," ती म्हणाली. "हे लेकरू पोटात होतं तवा. त्याच पाण्यावर जगलो आमी दोघं."

मुलानं यातलं काहीच लिहिलं नव्हतं. आईला विचारून लिहायचं असतं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी त्याला टाक उचलायला लावला आणि तिला तिचं स्वतःचं नाव विचारलं.

"माजं कावून, मास्तर?"

"पाणी तुम्ही प्यायलात म्हणून."

लग्नानंतर तिला त्या नावानं कुणी हाक मारलीच नव्हती. मग तिनं ते इतकं हळू सांगितलं, की मुलाला वाकून ऐकावं लागलं. त्यानं ते लिहिलं आणि आख्खं वाक्य इंग्रजीत मोठ्यानं वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती. त्या सगळ्या परक्या शब्दांत तिला एकच शब्द ओळखू आला, तसे तिनं डोळे उघडले.

"परत वाच," ती म्हणाली.