गाडग्यातला खडा

घोडके गुरुजी आमच्या गावात आले ते छत्री घेऊन. सुप्याच्या फाट्यावर एसटीतून उतरून, खांद्यावर ट्रंक आणि काखेत लांब दांड्याची काळी छत्री, असे ते चालत शाळेपर्यंत आले. आम्ही पाचवीची मुलं चिंचेखाली बसलो होतो. बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. आभाळ राखेनं घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. आमच्यातला बबन, ज्याच्या जिभेला कधीच हाड नव्हतं, तो म्हणाला, "गुरुजी, छत्री चुकून आली का वो?"

गुरुजींनी ट्रंक खाली ठेवली आणि खरोखरच वर बघितलं. म्हणाले, "आमच्या अकोल्याकडं, भंडारदऱ्याच्या बाजूला, पावसाळ्यात छत्रीवाचून कुणी उंबरा ओलांडत नाही. सवयीनं आली. तुम्ही सांगाल तेव्हा उघडू."

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा मला त्यांच्या बदल्या, पुरस्कार, वाढवलेल्या शाळा यांतलं काही आठवलं नाही. आठवलं ते मातीचं एक गाडगं. त्याच्याविषयीच लिहिते.

तेव्हा वर्गात बोलण्याची आमची एकच रीत होती. गुरुजनांनी "समजलं का?" म्हणायचं आणि आम्ही "होऽऽ" म्हणायचं. बरेचदा प्रश्न संपायच्या आत आमचा हो तयार असे. घोडके गुरुजींनी पहिला आठवडा तो हो ऐकून घेतला. मग एके दिवशी फळ्यावर मोठा चौकोन काढून ते शांतपणे म्हणाले, "पृथ्वी ही अशी चौकोनी असते. तिच्या चार कोपऱ्यांवर चार गावं आहेत. समजलं का?"

"होऽऽ."

गुरुजी रागावले नाहीत. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक गाडगं आणलं, त्याच्या तोंडाला फडकं बांधून मधोमध हात जाईल एवढी चीर ठेवली आणि ते दाराजवळच्या कोनाड्यात ठेवलं. वर्गाबाहेर जाताना प्रत्येकानं त्यात मूठ घालायची. धडा कळला असेल तर चिंचोका सोडायचा, कळला नसेल तर खडा. कुणी काय टाकलं ते कुणाला दिसत नसे. चिंचोके आमच्या झाडाचे, खडे आमच्या रस्त्याचे. सकाळी गुरुजी एवढंच म्हणत, "काल गाडग्यात खडे निघाले. धडा परत." कुणाचे, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मी वर्गात बोलत नसे. घरी माझं तोंड मिटत नसे, पण शाळेच्या उंबऱ्याशी आलं की शब्द घशात बसून राहत. आधीच्या एका मास्तरांनी "ही मठ्ठ आहे" असं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगून टाकलं होतं. मी रोज प्रामाणिकपणे गाडग्यात हात घालत होते. माझा चिंचोका आत पडला की टप्प असा बारीक आवाज येई. गुरुजींशी झालेलं ते माझं पहिलं बोलणं. ते मला इतकं आवडे की घरी जाताना वाटभर तो आवाज कानात राही.

पण गाडग्याला नाव सांगता येत नव्हतं, आणि त्याची झळ मलाच लागायची होती. दादा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. एका संध्याकाळी रस्त्यावर गुरुजी भेटले आणि दादांनी त्यांना गाठलं. मी दादांच्या मागे उभी होते.

"गुरुजी, पोरीला काय येतंय का न्हाई, खरं सांगा. येत नसंल तर उगं बसवून काय करायचं? कामावर घालतो. टोपलं तरी उचलंल."

त्या वेळी "येतं हो, हुशार आहे" असं म्हणून वेळ मारून नेणं किती सोपं होतं. गुरुजी म्हणाले, "खरं सांगायचं तर मला माहीत नाही. ती बोलत नाही. महिनाअखेरपर्यंत थांबा, मग मी स्वतः येऊन सांगतो."

"तवर थांबतो," दादा म्हणाले. "पुढं न्हाई."

मला वाटलं, उद्या गुरुजी मला उभं करून प्रश्न विचारणार. त्यांनी तसं केलं नाही. ते माझ्या जागेजवळून जात, क्षणभर थांबत आणि पुढे जात. कुणाच्या तोंडून ओढून काढलेलं उत्तर त्यांना उत्तर वाटत नसे.

त्याच महिन्यात भूगोलात पावसाचा धडा आला. गुरुजींनी पुस्तक मिटून ठेवलं आणि ते आपल्या गावाकडे निघून गेले, आम्हालाही बरोबर घेऊन. समुद्रावरून वाफ कशी निघते, डोंगराला अडून ढग कसा वर चढतो आणि गार होऊन कसा सांडतो, हे सांगताना त्यांचा आवाज खाली खाली येई. भंडारदऱ्याच्या पाण्यावर उतरलेलं धुकं, भाताच्या खाचरात पानांची इरली पांघरून वाकलेल्या बाया, चुलीपाशी वाळत घातलेली आणि कधीच न वाळणारी धोतरं. बाहेर ऊन पांढरं झालेलं असे आणि आतल्या शेणानं सारवलेल्या जमिनीला आम्हाला ओला वास येई. बबनसुद्धा हनुवटी गुडघ्यावर ठेवून गप्प बसे.

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "काल सगळे खडेच निघाले. धडा परत." त्यांनी पाऊस पुन्हा सांगितला, वेगळ्या वाटेनं. पुन्हा खडे. त्यांनी तव्यावर पाणी शिंपडून वाफ दाखवली, वर गार ताटली धरून थेंब दाखवले. तरी खडेच.

खरी गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. चिंचेनं त्या वर्षी फळ धरलंच नव्हतं आणि जुने साठवलेले चिंचोके घरोघरी भाजून खाल्ले गेले होते. गाडग्यात टाकायला खड्यांवाचून काही उरलं नव्हतं. मग कुणी सांगितलं का नाही? मधल्या सुट्टीत मी हळूच 'सांगू या' म्हटलं, तर बबन माझ्यावरच उलटला. "गप ए. सांगितलं तर उद्या पाऊस बंद व्हईल. मग बस पाढे म्हणत."

आम्हाला पाऊस हवा होता. आणि तो दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता.

पण त्यानंतरच्या सकाळी गुरुजी गाडगं हातात घेऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मुलांनो, चूक तुमची नाही," ते म्हणाले. "तुम्ही पाऊस बघितला नाही आणि मला तो दाखवता आला नाही. उद्यापासून हा विषय मोठ्या गुरुजींकडे देतो. त्यांना जमेल."

मी कधी उठले ते मला कळलं नाही. माझा आवाज वर्गात कसा वाटतो हे मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

"गुरुजी, समदं समजलंय. चिंचोके न्हाईत. खाल्ले आमी."

गुरुजी गाडग्यात बघत राहिले. मग विचारलं, "कच्चे खाल्ले?"

"भाजून."

"चांगले लागले?"

"माझे करपले वो," मागून बबन म्हणाला, आणि सगळे हसलो. गुरुजीही हसले, पण फडक्यानं डोळे टिपत. मग त्यांनी मला विचारलं, "समजलंय म्हणतेस, तर मला सांगशील? बसून सांग." मी बसून सांगितलं. ढग डोंगरावर चढला तिथं अडखळले. गुरुजी थांबले, आणि त्यांच्याबरोबर सगळा वर्ग थांबला. कुणी पुढचा शब्द पुरवला नाही. तो माझा मलाच सापडला.

त्या दुपारी गुरुजी उन्हातून खडीच्या कामावर गेले. शाळा सुटल्यावर मी पाण्याची कळशी घेऊन तिथंच गेले होते. ते दादांना म्हणाले, "महिना संपला नाही, पण सांगायला आलो. आज तुमच्या सुमननं मला शिकवलं."

दादांचा हातोडा थांबला. "बोलली? समद्यांसमोर?"

"आधी सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली, मग पाऊस सांगितला."

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग फुटलेल्या खडीकडे. "मंग ऱ्हाऊ द्या शाळंत," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

गुरुजींनी बरोबर छत्री आणली होती. पलीकडे बायांनी तान्ही मुलं दगडांच्या सावलीत निजवली होती. त्यांच्यावर गुरुजींनी ती उघडून रोवली आणि तिथंच सोडून आले. पुढं दुष्काळ सरेपर्यंत ती तिथंच होती. शाळेत दुष्काळी मदतीची सुकडी, म्हणजे खायचं पौष्टिक पीठ, दुपारी वाटली जाई, ती गुरुजींनी मोठ्या गुरुजींशी बोलून पहिल्या तासाच्या आधी वाटायला लावली. गाडगं मात्र कोनाड्यातच राहिलं. रिकामं. आम्ही आता तोंडानं सांगत होतो, आणि "न्हाई समजलं" म्हणायला कुणी लाजत नव्हतं.

मीही शिक्षिका झाले. वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर थांबावं लागतं, तेव्हा गुरुजींचं ते थांबणं मला अजून आधार देतं.

गेल्या महिन्यात अकोल्याला त्यांच्या घरी गेले होते. गुरुजींना आता कमी ऐकू येतं. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी त्यांच्या कानाशी वाकून हा ग्रंथ, समारंभ, येणारे विद्यार्थी, सगळं सावकाश सांगितलं आणि सवयीनं विचारलं, "समजलं का, गुरुजी?"

त्यांनी वाकून अंगणातला एक खडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"काय नाही समजलं?"

"गौरव कशासाठी, ते."

"मग परत यावं लागेल सांगायला."

"ये की," गुरुजी म्हणाले. "मी कुठं जातोय?"

तो खडा माझ्या टेबलावर आहे. आम्ही सारे विद्यार्थी पाळीपाळीनं येत राहू, गुरुजी, आणि धडा परत सांगत राहू. तुमची प्रकृती ठणठणीत असो, आणि पुढची पुष्कळ वर्षं आमच्या हातावर दर वेळी खडाच पडो.