गोलसमोरचा मान

उदय क्रीडा मंडळाने त्या मोसमात फुटबॉलचे सात सामने खेळून एकच गोल मिळवला होता. तोसुद्धा त्यांचा नव्हता. समोरच्या संघातल्या एकाने घाबरून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला होता. मंडळाच्या पोरांनी त्यावरही गुलाल उधळला. शेजाऱ्याचं पोर पास झालं म्हणून आपण पेढे वाटावेत, तसला प्रकार. मंजुषाबाईंना ते बघवेना. त्या सामना अर्धा टाकून घरी निघून गेल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

मंजुषाबाईंचं माहेर सायखेड्याचं. कांदा आणि ऊस सोडून तिथे दुसरं काही फारसं बघितलेलं नव्हतं. लग्न होऊन नाशिकच्या जेल रोडला आल्या तेव्हा नवरा, रंगनाथ, मंडळाचा सेंटर फॉरवर्ड होता. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तो त्यांना मैदानावर घेऊन गेला आणि कडेच्या सिमेंटच्या बाकावर बसवून म्हणाला, "कंटाळा आला तर घरी जा." त्यांना कंटाळा आला नाही. महिनाभरात त्यांना ऑफसाइड कळला, वर्षभरात खेळणाऱ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं. पुढे सरकारी छापखान्यात नोकरी लागली. छापून आलेले कागद तपासायचे, दोष असलेला बाजूला काढायचा. तेहेतीस वर्षं हेच काम. शंभर कागद नीट गेले तरी नजर अडायची ती एकशेएकाव्यावर. आठ वर्षांपूर्वी रंगनाथ गेला. महिना उलटला आणि पुढच्या रविवारी बाई पुन्हा त्या बाकावर. कॉलनीतल्या भागीबाईंनी विचारलंच, "नवरा गेला तरी मॅच सुटली नाही का गं?"

"नवरा गेलाय भागीबाई, मॅच कुठे गेलीय?"

आता त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्या जागेवर, नवऱ्याच्या जागेवर, त्यांचा मुलगा शेखर खेळत होता. मंडळाचा कॅप्टन. वय छत्तीस, उजव्या गुडघ्याला पट्टा, पोटावर थोडी सुखवस्तू गोलाई. सगळी टीम त्याला शेखरदादा म्हणायची.

गोल का होत नाहीत यावर मंडळात रोज बैठका होत. सेक्रेटरी कुंदनने नव्या जर्सी शिवून घेतल्या, पाठीवर अध्यक्षांचा फोटो. फोटो एवढा मोठा की खेळाडूचा नंबर अध्यक्षांच्या कमरेखाली गेला. कुणी गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधली. हाफटाइमला बाजू बदलतात हे बांधणाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही, आणि दुसऱ्या अर्ध्यात ती लिंबू-मिरची समोरच्यांचं रक्षण करत बसली. कोच गोटीराम सर शाळेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. पण त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. ते कडेला उभे राहून ओरडायचे, "भिडा रे, भिडा!" कुणाला भिडायचं, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मंजुषाबाईंना या सगळ्याची शिसारी आली होती. रोग त्यांना दिसत होता. बोटांच्या पेरांवर त्यांनी मोजला होता. सात सामन्यांत चेंडू एकतीस वेळा समोरच्या गोलपाशी पोचला. म्हणजे पोरं पळत होती, पास नीट जात होते, मधली फळी चांगली होती. पण एकतीसपैकी सव्वीस वेळा, ज्याच्या पायात चेंडू आला त्याने गोलकडे न बघता आधी मान वळवून शेखर कुठे आहे ते बघितलं. आणि चेंडू त्याला दिला. शेखर तोवर धापा टाकत पोचायचा, बॅक पोचलेले असायचे, फटका आभाळात. वाढलेल्या पानावर बसून "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत उपाशी उठणारी माणसं, तशी ती टीम होती.

दिंडोरीच्या सामन्यात तर कळसच झाला. जीवन नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा उजव्या विंगला खेळायचा. दिंडोरीजवळच्याच गावचा, द्राक्षाच्या बागेत कामाला, पायात वारा भरलेला. त्याने दोघांना चकवलं, गोलकीपर पुढे आला तर त्यालाही पाडलं. समोर रिकामं जाळं. चार पावलांवर. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने काठीने ढकलला असता तरी चेंडू आत गेला असता. जीवन थांबला. वळला. आणि मागून लंगडत येणाऱ्या शेखरला अदबीने पास दिला. शेखरने मारला तो बारवरून थेट मागच्या द्राक्षबागेत.

सामना संपल्यावर मंजुषाबाईंनी जीवनला गाठलं. "का रे, का नाही मारलास?"

"दादा होते ना मागं, काकू."

"असू देत की!"

"असं कसं?" जीवन खरोखर चकित झाला होता. "दादा असताना आपण कसं मारायचं? बरं दिसतं का ते?"

बाईंच्या तोंडाची चव गेली. परतीच्या टेम्पोत पोरं गाणी म्हणत होती. हरून परत येताना गाणी! त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या त्या नाशिक रोड येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेखर सोफ्यावर पाय पसरून बसला होता आणि त्याची बायको योगिनी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी धरून होती. मंजुषाबाई समोर खुर्ची ओढून बसल्या.

"शेखर, पुढच्या रविवारी तू खेळू नकोस."

"गुडघा बरा होईल तोवर."

"गुडघ्याचं नाही बोलत मी. तू तिथे आहेस तोवर एकही पोरगं गोल मारणार नाही. तुला पास देतात ते खेळ म्हणून नाही, नमस्कार म्हणून."

शेखरने पाय खाली घेतला. "म्हणजे माझ्यामुळे हरतो आपण?"

"हो."

"घ्या! सख्खी आई." तो योगिनीकडे बघून हसला, पण हसू गालापर्यंत गेलं नाही. "मी कुणाला सांगितलंय का मला पास द्या म्हणून?"

"पण हात वर करतोस ना प्रत्येक वेळी?"

"कॅप्टन आहे मी! बाबा नव्हते करत हात वर?"

मंजुषाबाईंना जुने सामने आठवले. रंगनाथ हात वर करायचाच. एकदा एका नव्या पोराने त्याला न देता स्वतः गोल मारला होता, तर सामना संपल्यावर रंगनाथने सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "मोठ्याला ओलांडून जातोस?" गोल झाला होता, मंडळ जिंकलं होतं, तरीही. आणि बाकावर बसलेल्या तरुण मंजुषाने काय केलं होतं? पदर तोंडाला लावून हसली होती. नवऱ्याचा दरारा बघून ऊर भरून आला होता, घरी जाऊन शिरा केला होता. तेहेतीस वर्षं लोकांच्या कागदांतले दोष काढले. हा दोष मात्र घरातच बसला होता, आणि त्यावर त्यांनी तूप सोडलं होतं. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"बाबांचं चुकलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि माझंही."

शेखर उठून आत गेला. चार दिवस त्याने आईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

रविवारचा सामना शेवटचा होता. जिंकलं तर मंडळ जिल्ह्याच्या पहिल्या गटात राहणार. बरोबरी झाली तरी खालच्या गटात जाणार. एकावन्न वर्षांत मंडळ कधी खाली गेलं नव्हतं. कॉलनीच्या मैदानावर दुपारी चारला सामना सुरू झाला आणि पहिल्या पंचेचाळीस मिनिटांत तोच तमाशा. चेंडू गोलपाशी, मान मागे, दादा कुठे, पास, आभाळ. चार वेळा. शून्य-शून्य.

हाफटाइमला मंजुषाबाई उठल्या आणि आजवर कधीही न ओलांडलेली चुन्याची रेघ ओलांडून सरळ टीमपाशी गेल्या.

"वहिनी?" गोटीराम सर गोंधळले.

"सर, शेखरला बाहेर बसवा."

कुंदन पुढे झाला. "काकू, ऊन आहे, तुम्ही सावलीत बसा ना. मी चहा पाठवतो."

"चहा तू पी. आणि तुझ्या अध्यक्षांना पण पाज." पोरांत दबकं हसू झालं. "चाळीस वर्षं बघतेय मी ही टीम. तुमच्यात दम आहे, पाय आहेत, पण गोल दिसला की तुम्हाला लाज वाटते. लग्नातल्या मुलीसारखी मान खाली. शी! बघवत नाही मला."

सर शेखरकडे बघू लागले. शेखर जमिनीकडे बघत होता. मग त्याने दंडावरची कॅप्टनची पट्टी काढली, जीवनच्या दंडात सरकवली आणि म्हणाला, "बाहेर मला बघायला वळलास तर याद राख. मी तिथे नाहीये." आणि मैदानाच्या मधल्या रेघेजवळ, आपल्या अर्ध्याच्या बाजूला ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला. आईकडे त्याने बघितलं नाही. त्याच्या जागी राखीवातला एक पोरगा उतरला.

पहिली वीस मिनिटं पोरं पोरकी झाल्यासारखी खेळली. सवयीने मान वळवायची, कुणी नाही, मग चेंडू घालवायचा. पण कुणीच नाही म्हटल्यावर हळूहळू ती पुढे बघायला लागली. एकदा चेंडू पोस्टला लागला. एकदा कीपरने कसाबसा अडवला. मंजुषाबाईंनी बाकाची कड घट्ट धरली होती. सामना संपायला पाच मिनिटं उरली असताना जीवनला उजवीकडे चेंडू मिळाला. एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं. मान वळली नाही. त्याने मारला, आणि चेंडू कीपरच्या हाताखालून जाळ्यात.

मैदान पेटलं. गोटीराम सरांनी टोपी उडवली. मंजुषाबाई उभ्या राहिल्या.

जीवन पळत सुटला. जाळ्याकडे नाही, मित्रांकडे नाही. सरळ शेखरच्या खुर्चीकडे. आणि वाकून त्याने शेखरच्या दोन्ही पायांवर हात ठेवले. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. बघता बघता अकराच्या अकरा जण तिथे. गोलकीपरसुद्धा! जाळं रिकामं सोडून तोही रांगेत.

"अरे उठा!" शेखर ओरडत होता. तो एकेकाला खांदे धरून ढकलत होता. "पाया काय पडताय, मागे जा! चेंडू बघा!"

रेफरीने दोनदा हाक मारली. मग घड्याळ बघितलं. समोरचा संघ मध्यभागी चेंडू ठेवून तयार होता. शिट्टी वाजली. त्यांच्या फॉरवर्डला आधी खरंच वाटेना; तो दोन पावलं चालत गेला, मग धावला, आणि मोकळ्या मैदानातून जाऊन रिकाम्या जाळ्यात चेंडू ठेवून आला. ठेवूनच, मारावाही लागला नाही.

एक-एक. उरलेल्या वेळात काहीच झालं नाही. एकावन्न वर्षांनी उदय मंडळ खालच्या गटात गेलं.

लोक पांगले. कुंदन रेफरीशी हुज्जत घालत होता. मंजुषाबाई बाकावर बसून राहिल्या होत्या. जीवन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, डोळे लाल.

"शिट्टी ऐकली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"ऐकली, काकू."

"मग?"

"दादांच्या पायावर हात होते ना. नमस्कार अर्धवट टाकून कसं उठायचं?" त्याने नाक पुसलं. "माफ करा." आणि तो वाकला.

मंजुषाबाईंनी झटकन दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले. "शी! खबरदार हात लावशील तर. सरळ उभा राहा."

तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. कुठे बघावं, हात कुठे ठेवावेत, त्याला कळेना.

शेखर लंगडत आला. त्याने जीवनच्या दंडाला धरून त्याला सरळ केलं आणि मग बऱ्याच दिवसांनी आईकडे बघितलं.

"आई, ही खोड माझ्या एकट्याच्याने जायची नाही."

"दिसतंय," मंजुषाबाई म्हणाल्या. "उद्यापासून सरावाला मीही येणार. आधी याला माणसाशी ताठ उभं राहून बोलायला शिकवते. गोलाचं नंतर बघू."