अर्ध्या ब्रशवाली

कोलोरॅडोतल्या त्या तळ्याच्या चढणीवर ती बाई आम्हाला भेटली, तेव्हा माझ्या बॅगेला कुकर लटकत होता. ती साठीची, काटक, एकटीच निघालेली. कुकर पाहून खो खो हसली. "बाबा, सो एम्बॅरसिंग!" म्हणत लेक दहा पावलं पुढे पळाली. टेक्सासमधल्या प्लेनोहून, घरून निघतानाच बायकोने बजावलं होतं, "कुकर नको हं." पण खिचडीशिवाय दोन दिवस? मी कसला ऐकतोय!

वर तळ्याकाठी तिचा तंबू आमच्या शेजारीच पडला. तिचं सामान इतकं मोजकं, की दात घासायच्या ब्रशची मूठसुद्धा अर्धी कापलेली. "पाठीला प्रत्येक ग्रॅम कळतो," असं मला ऐकवून तिने पातेल्यात मसूर शिजत घातला. तासाभराने एक दाणा चावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. एवढ्या उंचीवर पाणी चटकन उकळतं, पण डाळ काही शिजत नाही.

आमची तिसरी शिट्टी डोंगरात घुमली, तशी ती आपला मग घेऊन आली. तूप-लोणच्यासकट दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली. कौतुकाचा मात्र एक शब्द नाही.

सकाळी आवराआवर करताना पाहतो तर कुकर गायब. तो तिच्या पाठीवर होता, दोरीने घट्ट आवळलेला. मी घ्यायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला केला.

"खाल्लं मीही. उतरताना माझी पाळी."

ती खडखडाट करत उतरू लागली. नाव विचारायचं राहूनच गेलं. लेक मात्र आता कुकरच्या बरोबरीने चालत होती.