महानंदाताईंचं न विकलेलं चित्र

महानंदाताईंच्या दातांत कायम एक ब्रश असायचा. दोन्ही हात सासऱ्यांसाठी लागायचे, म्हणून. त्यांना कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं, उशी सारखी करायची. आणि ते झालं की दातांतला ब्रश हातात घेऊन त्या पुन्हा कागदाकडे वळायच्या. बोलायच्याही तशाच, ब्रश धरलेल्या ओठांच्या कोपऱ्यातून. पहिल्या दिवशी त्या मला काय म्हणाल्या ते मला कळलंच नाही. नंतर समजलं, त्या म्हणत होत्या, "चप्पल काढू नका मॅडम, खाली रंग सांडलाय."

मी तेव्हा उमरग्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. पक्षाघात झालेल्या आप्पांना, म्हणजे ताईंच्या सासऱ्यांना, व्यायाम द्यायला रोज दुपारी त्यांच्या घरी जायचे. आप्पांची उजवी बाजू गेली होती. उभा जन्म आडतीच्या दुकानात मोठमोठ्यानं बोलण्यात गेलेल्या या माणसाकडे आता कानडीतले दोनच शब्द उरले होते. हवं असलं की 'बेकु', नको असलं की 'ब्याडा'. तिसरा शब्द होता डाव्या हाताचा. सून नजरेआड झाली की ते त्या हातानं लोखंडी खाटेचा गज वाजवत. त्यामुळे ताईंचं स्वयंपाकघरातलं कामही धावतपळत व्हायचं आणि चित्रकला सगळी त्याच खोलीत, खाटेच्या पायथ्याशी. लग्नाआधी लातूरला त्या चित्रकला शिकलेल्या. तैलरंगांवर त्यांचा जीव होता, पण त्या वासानं आप्पांना खोकला यायचा. म्हणून पाण्याचे रंग. "वासबी मामांच्या मर्जीतला पायजे," असं हसून म्हणायच्या; आप्पांना त्या मामा म्हणत. खोलीला एकच खिडकी होती आणि खिडकीत हायवे. दिवसभर ट्रक हैदराबादकडे जायचे, दिवसभर सोलापूरकडे.

चित्रं त्या मोबाइलवर टाकायच्या आणि ती विकली जायची. खरं तर एकच चित्र विकलं जायचं. कधीतरी त्यांनी डोक्यावर घागर घेतलेली बाई काढली होती. मागं भेगाळलेली जमीन, वर पिवळं आभाळ. ते लोकांना इतकं आवडलं की पुण्या-मुंबईहून तेवढंच मागणं येऊ लागलं. हेच द्या, फक्त लुगडं लाल करा. हेच द्या, पण बाया दोन करा.

"आता कोण डोक्यावर घागर घेऊन चाललंय, सांगा तुम्ही," ताई म्हणायच्या. "प्लास्टिकच्या घागरी मोटरसायकलला बांधून आणतेत माणसं. तसं काढून बघितलं म्या. तर म्हणले, ताई, ह्यात गाव वाटत न्हाय. आता गावात बसून मी गाव कुठनं आणू?"

पण त्या घागर काढत राहिल्या. रंगांचा, कागदांचा खर्च त्यातूनच निघायचा, आणि चित्र काढण्याला घरात 'काम' म्हणायची परवानगीही त्या घागरीनंच मिळवून दिली होती. एकदा मात्र ब्रश धुता धुता म्हणाल्या, "त्या बाईच्या डोक्यावरनं घागर काय उतरंना, मॅडम. आन माझ्याबी."

त्यांची खरी चित्रं मला उशिरा दिसली. आप्पांची गादी झटकायला आम्ही दोघींनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं, तेव्हा गादीखाली कागदांची चळत निघाली. सगळीकडे आप्पाच. झोपलेले आप्पा, खिडकीकडे बघणारे आप्पा, घास तोंडात तसाच धरून राहिलेले आप्पा. ओढलं गेलेलं तोंड, कोपऱ्यात साचलेली लाळ, मेल्यासारखा पडलेला हात आणि त्या सगळ्याच्या वर दोन रागीट, जिवंत डोळे. मी रोज त्या चेहऱ्याला हात लावत होते. पण तो चेहरा मी बघितला त्या दिवशी.

"हे टाका की मोबाइलवर," मी म्हटलं.

त्यांनी चळत पुन्हा गादीखाली सारली. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यातलं एक चित्र खरंच टाकलं. एका बाईंनी ते लगेच विकत मागितलं. त्यात ना घागर होती, ना भेगाळलेली जमीन. मला ते सांगताना ताईंचा आवाज एखाद्या मुलीसारखा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी मी आप्पांचा गुडघा वाकवत असताना ताईंचे यजमान, बसवराज, भरदुपारी दुकान सोडून घरी आले. त्यांचं हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस तसा शांत, पण त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी मोबाइल ताईंसमोर धरला.

"सगळ्या मार्केटनं बघितलं," ते म्हणाले. "लाळ गळालेलं माझ्या बापाचं तोंड विकायला काढलीस व्हय?"

"वाकडं झालं म्हणून लपवायचं का?"

"लपव म्हणलो का मी? विकू नको म्हणतोय!"

"चित्र माझं हाय."

"आन तोंड?"

ताईंनी खाटेकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग मामांनाच विचारा."

बसवराजांनी मोबाइल आप्पांसमोर धरला. आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं पडद्यावरच्या तोंडाला लावली. बोटं फाकली तसं चित्र मोठं झालं आणि सगळ्या पडद्यावर ते वाकडं तोंडच पसरलं. आप्पांनी हात मागं घेतला.

"ब्याडा," ते म्हणाले.

ताई खाली वाकल्या. "मामा, विकायचं नको, का मी तुम्हाला काढायचंच नको?"

"ब्याडा."

ताईंनी आपला मोबाइल घेतला आणि आमच्यासमोरच त्यावरून ते चित्र पुसून टाकलं. त्या बाईंना 'विकायचं नाही' असं कळवलं. मग पदरानं आप्पांचं तोंड पुसलं, रोज पुसत तसंच, हलक्या हातानं.

त्यानंतर काही दिवस त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि एकामागून एक घागरी रंगवायच्या. दोन माणसं, एक खिडकी, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. एका दुपारी आप्पांनी गज वाजवायला सुरुवात केली. सून तर समोरच होती. ताई उठल्या. पाणी? ब्याडा. उशी? ब्याडा. पंखा? ब्याडा. गज वाजतच राहिला. शेवटी आप्पांनी आपल्या डाव्या हातानं निर्जीव उजवा हात उचलला, नीट छातीवर ठेवला आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवून डोळे मिटले.

मला काहीच उमजेना. ताईंना उमजलं. "मॅडम, जरा बाजूला व्हता का?" एवढंच म्हणाल्या आणि कोरा कागद ओढून घेतला.

तेव्हापासून रोज एक चित्र गादीखाली जात राहिलं. दाखवता येत नव्हतं, विकता येत नव्हतं आणि काढल्यावाचून त्यांना राहवत नव्हतं. प्रदर्शनासाठी एकदा बोलावणं आलं, नवीन काम घेऊन या म्हणून. त्यांनी नाही कळवलं. मी चिडले, तर म्हणाल्या, "काय नेऊ? घागरी न्यायची लाज वाटती. आन हे माझ्या एकटीचं न्हाय."

थंडीत एका दुपारी आप्पा झोपेतच गेले. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून समाधी दिली. काही दिवसांनी मी भेटायला गेले, तर बसवराज रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर बसलेले आणि भोवती ती सगळी चित्रं. एक हातात घ्यायचे, बघायचे, ठेवायचे. ताई दारात उभ्या होत्या.

"लोकाला दाखव हे," बसवराज म्हणाले. "इकायचं असलं तरी इक. मी आता आडवा येत न्हाय."

"तुमचा सवालच न्हवता," ताई म्हणाल्या. "न्हाय म्हणले ते मामा. आता व्हय म्हणायला हायेत कुठं ते?"

बसवराजांनी मान खाली घातली. मग लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "घरात लावलं तर?"

"घरात लावा की. घर त्यांचंच हाय."

ज्या चित्रावरून ते भांडले होते, तेच त्यांनी भिंतीवर लावलं. बाकीची ताईंनी कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. त्यांच्या उत्तम चित्रांचं कपाट कायमचं बंद झालं. त्याला चावी नव्हती, आणि 'उघड' म्हणू शकणारं माणूस उरलं नव्हतं.

वर्षभरानं मी उमरगा सोडून माझ्या गावी, भूमला, परतायचं ठरवलं. ताई स्टँडवर निरोप द्यायला आल्या, काखेत कागद लावलेली पाटी घेऊन. आता त्या बाहेर बसून माणसं काढत होत्या. गाडीला वेळ होता. शेजारीच एक म्हातारी टोपली पुढ्यात घेऊन शेंगा विकत होती. ताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"आज्जी, तुमचं चित्र काढू का?"

"काढ की माय."

"आन काढल्यावर विकलं तर चालंल का? न्हाय म्हणलात तर विकायची न्हाय."

म्हातारी विचारात पडली. ताई थांबल्या. घाई केली नाही, समजावलं नाही. पेन्सिल खाली धरून नुसत्या थांबल्या. एवढ्या आदरानं थांबलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

"इक," म्हातारी म्हणाली. "म्या काय हितनं कुठं हलत न्हाय. चित्र तरी जाऊंदी लांब."

माझी गाडी सुटली तेव्हा ताईंनी कागदावरून वर पाहिलं नाही. म्हातारी मात्र मान जराही न हलवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, माझी गाडी जाताना बघत होती.