हात न हलवणारा संत आणि आमचे काका

सहाव्या शतकातल्या एका आयरिश संताच्या सल्ल्याने जपानमध्ये राहणारा माणूस जगात एकच असेल: आमच्या लॅबमधले वयाने मोठे सहकारी, ज्यांना मी काका म्हणायचो. २०११च्या भूकंपानंतर ते सेंदाईहून कोबेला आले, तेव्हा सामान म्हणजे एक प्रेशर कुकर आणि त्या संताचं चरित्र. हा संत डोंगरातल्या तळ्याकाठी एकटा राहायचा. झोपडी इतकी अरुंद, की हात पसरून प्रार्थना करताना एक हात खिडकीबाहेर जायचा. त्या तळहातावर एका काळ्या पक्षिणीने घरटं बांधलं, आणि पिल्लं उडेपर्यंत संताने हात हलवला नाही. काका देवधर्म मानत नव्हते. "देवाचं मला ठाऊक नाही, पण हात दुखला असणार. ते कोणी लिहिलंच नाही," असं म्हणून ते स्वतःच मराठीत चरित्र लिहायला बसले होते. आठ वर्षं झाली, तरी संत अजून मुंजीच्या वयाचाच होता. त्यांच्या बाल्कनीत पारव्याने अंडी घातली, तेव्हा महिनाभर काकांचे शर्ट माझ्या खोलीत वाळले. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "अरे, तुझ्याकडे ऊनही बरं येतं."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. माझा प्रबंध काकांनी तीनदा तपासून दिला. तो जमा करायच्या दिवशी मी फॉर्मवर प्राध्यापकांचे शिक्के मिळवत हिंडत होतो, म्हणून बांधलेल्या प्रती आणायला काका गेले. विद्यापीठाच्या कचेरीची खिडकी पाचला बंद होणार होती. काका आले सव्वापाचला. गाडीत शेजारचा नोकरदार त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता, आणि आपलं स्टेशन आलं तरी काका उठले नव्हते.

"उठवायचं ना त्याला!"

"वाटलं, पुढच्या स्टेशनला उठेल. मग वाटलं, त्याच्या पुढच्या."

खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाकून माफी मागितली, पण प्रती घेतल्या नाहीत. पदवी सहा महिने पुढे गेली. मी काकांना नको ते बोललो.

गावी वडील फोनची वाट पाहत होते. माझा हात धजेना. काकांनीच नंबर लावला. "नमस्कार. मुलाचं काम पूर्ण आहे, कागद उशिरा मिळेल. चूक माझी," म्हणाले आणि झोपलेल्या माणसासकट सगळं सांगून टाकलं.

फोन स्पीकरवर होता. जन्मभर हमाली केलेले माझे वडील मग म्हणाले, "दमला असंल बिचारा. तुम्ही दोघं जेवलात का?"

पेढे त्यांनी त्याच संध्याकाळी वाटले, हे मला आईकडून पुढे कळलं. काकांच्या नावाचा एक पुडा बाजूला ठेवला होता. तो जपानपर्यंत टिकला नसता, म्हणून शेवटी घरच्यांनीच संपवला.