मामांचा भूकंपातला गुडघा

मामा खोटं बोलत होते. आयुष्यभर, आणि अतिशय सुंदर.

आज त्यांचा तेरावा. औशाला त्यांच्या घरी पंगत बसली असेल. मी लातूरलाच थांबले आहे.

माझे सख्खे मामा, आईचे एकुलते भाऊ.

गुडघा सुजला की म्हणायचे, "किल्लारीच्या भूकंपानं दिलाय, जपावं लागतंय."
दाढी का वाढवली? "नवस हाय."
किडका दात का काढत नाही? "संगं आलाय, संगंच जाईल."

आम्ही हसायचो.

मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरला. डोक्यातला रक्तस्राव थांबेना.

आयसीयूबाहेर डॉक्टरांनी विचारलं, "यांना हिमोफिलिया कधीपासून आहे?"
मी म्हटलं, "कुणाला?"
मामींनी पिशवीतून एक जुनी फाईल काढून डॉक्टरांपुढे धरली.

मग एकेक निघालं. भूकंप झाला तेव्हा मामा नांदेडला होते; गुडघा सुजायचा तो आतल्या रक्तस्रावानं. नवस कुठलाच नव्हता, वस्तऱ्याची भीती होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी माझ्या लग्नाआधीच निदान केलं होतं आणि बजावलंही होतं, बहिणीच्या मुलींची तपासणी करून घ्या.

"मग सांगितलं का नाही, मामी?"
"पोरींची लग्नं व्हायची व्हती ना गं. कुणी केलं असतं?"

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिला विचारायची सोय नाही.

मी संस्कृत शिकवते. गोत्र या विषयावर तासभर बोलू शकते, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.
माझी सोयरीक मामांनीच जमवली. बैठकीत कुळ, गोत्र, देवक, सगळं खणखणीत सांगितलं.
सगळं बापाकडचं.

रक्त न गोठण्याचा हा आजार मुलाला आईकडून येतो. बाईकडे दोन एक्स. एक बिघडलेला असला तरी दुसरा बहुतेक सांभाळून घेतो, तिला पत्ताही लागत नाही. मुलाकडे एक्स एकच, तोही आईचा. दोनातला कुठला येईल, ते नशीब.

आम्ही दोघी बहिणी. तिला मूल नाही, मला एकच लेक, श्रुती. आजार दिसणार कुठं?

आणि मामांचे दोन्ही मुलगे ठणठणीत. बाप मुलाला एक्स देतच नाही.
म्हणजे गप्प बसण्यात त्यांच्या घरचं काही जाणार नव्हतं. हे जास्त लागलं.

श्रुती नांदेडला असते. सहावा महिना आहे. काल फोनवर म्हणाली, "आई, मुलगा असला तर?"
मला एकही श्लोक आठवला नाही.
उद्या आम्ही दोघी तपासणीसाठी रक्त द्यायला जातोय.

मामा, माझ्या लग्नात अंतरपाटापुढे मी उभी होते, मागे तुम्ही. गुडघा सुजलेला, तरी शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत हलला नाहीत.
मी रडत होते, तर वाकून म्हणालात, "गप गं, फोटोत लई वाईट दिसायलीस."

तोंड माझ्या कानाशीच होतं, मामा.
त्याच श्वासात आणखी एक वाक्य मावलं असतं.

दाढीसकट, गुडघ्यासकट तुमची आठवण येते.
राग उतरला की औशाला येईन. तोवर एवढीच श्रद्धांजली गोड मानून घ्या.